मास्तरांची समजूत

"हे टेबल कुणी फिरवलं?"

मास्तरांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मशिनींच्या घरघरीत ते कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा जवळच्या दोघीतिघींनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या. तिसऱ्यांदा विचारायला मास्तर स्टुलावर चढले, स्टुलावरून थेट कापड कापायच्या टेबलावर चढले, आणि मग मात्र त्या लांबलचक शिवणघरातली एकेक मशीन आपसूक थांबत गेली.

मास्तर जेवायला गेले होते. हात धुऊन परत येतात तो आडवं असलेलं टेबल उभं झालेलं, आणि डाव्या हाताची खिडकी पाठीमागे गेलेली.

"उजेड डावीकडून पाहिजे! का पाहिजे? तर कात्रीवर सावली पडता कामा नये. आता उभा राहतो तर माझीच सावली माझ्या हातावर! हे टेबल इथं मी लावलंय. मालक तेव्हा स्वतःच्या पाठीवर कापडाचे गठ्ठे वाहत होते. आणि आज मला न विचारता माझी जागा फिरवता? मी काय काचेत उभा केलेला बाहुला आहे, कुणीही यावं आणि तोंड फिरवून ठेवावं?"

"अहो मास्तर, ऐकून तरी घ्या," इस्त्रीवाला खालून म्हणाला.

"जन्मभर ऐकलंच! आता तुम्ही ऐका. मी चाललो. ही तुमची कात्री, हा तुमचा खडू. उद्यापासून कापड दातांनी फाडा!"

आणि त्यांनी कात्री आपटली. आपटली ती कापडाच्या जाड थरावर. फरशीवर आपटली असती तर धार गेली असती, एवढं त्या रागातही त्यांच्या ध्यानात होतं.

दाराशी बसून बटणं लावणारी बाई, जिला सगळे बटणवालीच म्हणत, दोऱ्याला गाठ मारता मारता शेजारणीला हळूच म्हणाली, "लागला बाई मुहूर्त. मला वाटलं, यंदा नोकरी सोडायची राहूनच जाते की काय."

कारण मास्तरांनी नोकरी सोडणं ही त्या कारखान्यात नवी गोष्ट नव्हती. लोक नोकरी एकदाच सोडतात. मास्तर ती सोडत आले होते. पहिल्यांदा सोडली ती मालकांनी एका बड्या गिऱ्हाइकापुढे त्यांना 'मास्तर' न म्हणता 'आमचा कापणारा' म्हटलं म्हणून. मास्तरांनी गळ्यातली मापाची पट्टी काढून मालकांच्या गळ्यात हारासारखी घातली, हात जोडले आणि चालू पडले. पुढे एकदा मालक सगळ्यांसमोर मोघमच म्हणाले, "एवढं कापड जातं कुठं?" झालं. मास्तरांनी अंगातला शर्ट काढला, पँट काढली, दोन्हींची इस्त्रीची घडी मोडू न देता मालकांच्या टेबलावर ठेवली आणि "मोजून घ्या तुमचं कापड" म्हणून बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, मान ताठ ठेवून, भर बाजारातून घरी गेले. मालकांचा ड्रायव्हर मागून गाडी हळूहळू हाकत होता आणि खिडकीतून पँट बाहेर धरून विनवत होता, "मास्तर, निदान एवढी तरी..." आणि एकदा तर जाता जाता त्यांनी खुंटीवरच्या मालकांच्या कोटाच्या दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकली. त्या दिवशी मालकांना एका लग्नाला जायचं होतं. घाईघाईत हात घातले ते कोपरापर्यंत जाऊन अडकले, आणि मालक केबिनमध्ये बांधलेल्या कोंबड्यासारखे फडफडत राहिले.

दरवेळी मालक ओरडत, "जा, जा! तुझ्यासारखे छप्पन्न मिळतात!" आणि दरवेळी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांच्या दारात उभे राहत. "वहिनी, चहा टाका," म्हणत आत येत, पलंगाच्या कडेला टेकत. मग हवापाण्याच्या गोष्टी होत, गुडघेदुखीच्या होत, पोरांच्या होत. नोकरीचं नाव कुणी काढत नसे. चहा संपला की मालक चपला घालता घालता म्हणत, "उद्या जरा लवकर या, मास्तर. माल यायचाय." मास्तर म्हणत, "बघतो." आणि दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी जाऊन उभे राहत.

बायकोचं मास्तरांना नवल वाटे. एरवी घरात कधी बिस्किटं नसत. त्या तिसऱ्या दिवशी मात्र ती बरोबर आणून ठेवलेली असत. बाईच्या जातीला आधीच सुगावा लागतो, असं मास्तर समजत.

पण ते मालक आता राहिले नव्हते. गेल्या वर्षी, हिशेबाला बसले असताना, टेबलावर मान टाकून गेले. कारखाना मुलगी बघत होती. सगळे तिला ताई म्हणत. ताई कुणावर ओरडत नसे. बायकांना तिनं पाठ टेकायच्या खुर्च्या आणल्या होत्या, संडास दुरुस्त करून घेतला होता, आणि कुणाचं मूल आजारी असलं की ती स्वतः म्हणे, "तुम्ही घरी जा." मास्तरांना ती आवडावी असं तिच्यात सगळं होतं. तरी ती बोलली की मास्तरांना वाटे, आपल्याशी कुणी बोललंच नाही.

टेबलावरचं भाषण चालू असताना ताई केबिनबाहेर येऊन उभी राहिली. मास्तरांचं सगळं म्हणून झालं, "चाललो, चाललो" असं दोनदा म्हणूनही ते चालत नाहीत असं झालं, तेव्हा ती पुढे आली.

"मास्तर, आधी खाली या. पडाल."

खाली उतरायला गुडघ्यामुळे इस्त्रीवाल्याचा खांदा धरावा लागला. त्यात रागाचा निम्मा डौल गेला.

"तुमचं सगळं मी ऐकलं," ताई म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही या कारखान्याला दिलीत. बाबा असताना दिलीत, माझ्यासाठीही थांबलात. आता तुम्हाला थांबावंसं वाटत नाही. मास्तर, तुमच्या निर्णयाचा मी आदर करते."

आणि तिनं हात पुढे केला.

मास्तर त्या हाताकडे बघत राहिले. ते वाट बघत होते 'जा, जा'ची. त्या छप्पन्न जणांची. माणूस ओरडतो म्हणजे त्याचं काही तरी दुखावलेलं असतं, आणि दुखावलेलं असतं म्हणजे तो तिसऱ्या दिवशी येतो. आदराचं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तो हात हातात घेतला, कारण पुढे आलेल्या हाताचं दुसरं काही करता येत नाही.

नुकतीच कामावर लागलेली एक पोरगी टाळ्या वाजवायला लागली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"शुक्रवारी निरोपाचा छोटा कार्यक्रम करू," ताई म्हणाली.

"कार्यक्रम-बिर्यक्रम काही नको," मास्तर म्हणाले आणि दाराकडे वळले. ते रस्ता ओलांडून पलीकडे पोचले तेव्हा बटणवाली मागून धावत आली. तिच्या हातात त्यांच्या चपला होत्या.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "टेबलावर चढलात? एवढा गुडघा दुखत असताना?"

"चढलो म्हणजे? असं झाडलं सगळ्यांना! पोरगी पांढरी पडली."

"जेवून घ्या."

दुसरा दिवस मास्तरांनी झोपून काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको भाजी आणायला गेली असताना त्यांनी घोटून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पलंगावरची चादर स्वतःच्या हातानं ताणून घातली. बायको आली तेव्हा तिच्या पिशवीत बिस्किटं नव्हती. मास्तरांनी दोनदा पिशवीत डोकावून पाहिलं.

"बिस्किटं नाही आणलीस?"

"नाही आणली."

"कुणी आलं-गेलं तर?"

बायकोनं भाजी निवडायला घेतली. मास्तर स्वतः खाली जाऊन पुडा घेऊन आले.

संध्याकाळी खाली गाडी थांबली की ते खिडकीशी जात आणि कुणी बघण्याआधी मागे सरत. एकदा दारावर थाप पडली. मास्तरांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं, बायकोला डोळ्यानं दार उघडायची खूण केली. शेजारीण वाटी परत करायला आली होती. चौथ्या दिवशी मास्तर म्हणाले, "नवी आहे, तिला रीत माहीत नसेल." पाचव्या दिवशी म्हणाले, "आली तरी जाणार नाही म्हणा. एवढी लाचारी नाही." त्यानंतर ते काही म्हणेनासे झाले. बिस्किटांचा पुडा तसाच फळीवर होता.

आठवडा उलटून गेल्यावर बटणवाली आली. तिच्या हातात एक खोका होता. खोक्यात मास्तरांचा चहाचा कप, जाड भिंगांचा जुना चष्मा, कापड कापताना खांद्यावर टाकायचं फडकं आणि वर एक मोठा पुष्पगुच्छ, जो वाटेत थोडा चेमटला होता.

"ताईंनी पाठवलाय. तुम्ही कार्यक्रम नको म्हणालात ना, म्हणून. सगळ्यांनी मिळून घेतलाय."

मास्तरांनी गुच्छ हातात घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि पाण्याच्या बादलीत उभा केला.

"काम कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"चाललंय की." मग तिला वाटलं की एवढं पुरे नाही. "तुमची आठवण काढतात सगळे. इस्त्रीवाल्यानं तुमचं ते टेबलावरचं फोनमध्ये काढून ठेवलं होतं ना, ते त्यानं पाठवलं कुणाला तरी. आता सगळीकडं फिरतंय. लोक काय हसतायत, मास्तर!" ती थांबली. "म्हणजे, कौतुक करतायत. नोकरी सोडावी तर अशी, म्हणतात."

"आणि टेबल?"

"टेबलाचं काय?"

"तसंच उलटं आहे का?"

"नाही हो. ते दोन दिवसांपुरतंच सरकवलं होतं. खिडकीची चौकट कुजली होती, ती बदलायची होती. तुम्ही थांबला असता तर इस्त्रीवाला तेच सांगत होता. आता परत पहिल्यासारखं आहे. खिडकी मोठी केलीय उलट. भरपूर उजेड येतो."

ती चहा न घेताच गेली. मास्तरांनी खोक्यातला चष्मा काढून फडक्यानं पुसला. मग म्हणाले, "मालक असते तर तिसऱ्या दिवशी इथं बसलेले असते. त्यांना माणसाची किंमत होती. हिला काय कळतंय?"

बायको भांडी पुसत होती. "नसते आले," ती म्हणाली.

"काय?"

"आपण होऊन नसते आले. कधीच आले नव्हते."

मास्तरांना आधी वाटलं, ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

"पहिल्या वेळी मी गेले होते त्यांच्याकडं. धाकटा कडेवर होता. ते म्हणाले, गेला तर जाऊ दे, वहिनी, मी दुसरा बघून ठेवलाय. मी दारातून हलले नाही. पोर रडायला लागलं तरी हलले नाही. शेवटी म्हणाले, बरं, येतो, पण आज नको, आज तो अंगावर येईल." ती पुसलेली ताटली पुन्हा पुसत होती. "मग दरवेळी तसंच. पुढं पुढं तर मला बघितलं की हसायचेच. म्हणायचे, काय वहिनी, या खेपेला काय करून आला तो? तिसरा दिवस आम्ही दोघांनी ठरवला होता. दुसऱ्या दिवशी तुमचा पारा उतरलेला नसतो. आणि चौथ्या दिवशी तुम्ही आजारी पडता."

"प्रत्येक वेळी?"

"त्या चड्डीच्या वेळी तर दोनदा गेले."

मास्तरांना पलंगाच्या कडेला टेकलेले मालक दिसले. हवापाण्याच्या त्या गोष्टी. "उद्या जरा लवकर या." आणि आत ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली बायको, चहा गाळणारी.

"आणि या खेपेला?" त्यांनी विचारलं. "या खेपेला नाही गेलीस?"

"गेले होते. तुम्ही दाढी करत होतात तेव्हा."

"मग?"

"चांगली पोरगी आहे हो. उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, काकू, मी बोलावलं तर ते येतील, बाबांच्या नावाखातर येतील. पण ते थकलेत असं मला वाटतं. त्यांना पुन्हा कामाला जुंपणं बरोबर होईल का? तुम्हाला काय वाटतं?"

"तू काय सांगितलंस?"

बायकोनं ताटली खाली ठेवली.

"मला काय वाटतं, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ना तुम्ही, ना मालकांनी. सांगायला वेगळंच गेले होते. पण तिनं असं विचारल्यावर खरं तेच तोंडातून निघून गेलं."

"काय खरं?"

"की थकलोय आम्ही."

मास्तर उठून उभे राहिले. त्यांना काही तरी उचलून आपटावंसं वाटलं, दार धाडकन लावून चालू पडावंसं वाटलं. पण निघून जायला आता त्यांच्याकडे तेवढं घरच उरलं होतं. ते पुन्हा खाली बसले. बायकोनं फळीवरचा पुडा फोडला, चार बिस्किटं बशीत काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि स्वतःही एक घेतलं. नरम पडली होती.

घरात बसून चालणार नव्हतं. मास्तर काम शोधायला निघाले. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्यांना बघताच तिथला मालक खुर्चीतून उठला. मास्तरांना बरं वाटलं.

"तुम्हीच ना ते टेबलावरचे? अहो, या, या! अरे, बघा कोण आलंय!"

कारागीर गोळा झाले. "दातांनी फाडा" हे वाक्य तिथल्या पोरांना पाठ होतं. एकानं नक्कल करून दाखवली, ती हुबेहूब होती, गुडघ्यासकट. मास्तरांसाठी चहा आला, त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले गेले. गर्दी पांगल्यावर मास्तरांनी कामाचं विचारलं.

मालक मनापासून हसला. "तुम्हाला ठेवायचं म्हणजे, मास्तर... आमची टेबलं जुनी आहेत हो. सोसायची नाहीत." आणि दारापर्यंत सोडायला आला.

दुसरीकडे चहाही मिळाला नाही.

शेवटी एका दुकानांच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोपटात त्यांना काम मिळालं. तयार कपडे घेणाऱ्यांच्या पँटी आखूड करायच्या, कंबर आत घ्यायची, चेन बदलायची. कापड बेतायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या कुणी तरी, कुठे तरी बेतलेलं थोडं थोडं कमी करायचं. उजेड डोक्यावरच्या विजेच्या नळीचा, चारी बाजूंनी सारखा. दुकानवाला मास्तरांच्या थोरल्या मुलापेक्षा लहान. त्यानं मास्तरांना नाव विचारलं नाही की आधी काय करत होता तेही विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून तो त्यांना 'आजोबा' म्हणे.

एके दिवशी सार्वजनिक सुट्टी होती आणि रांग जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेली होती. एक तरुण नवी पँट घालून मापासाठी ठेवलेल्या बसक्या फळीवर उभा होता. मास्तर त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसून दुमड मापत होते. दुखरा गुडघा फरशीवर टेकला होता. गिऱ्हाइकाला त्यांनी बूट घालायला लावले होते, कारण बुटाविना माप चुकतं. त्यात वेळ गेला.

"आजोबा," दुकानवाला गल्ल्यावरून ओरडला, "पँट कापताय की पाय? आटपा! दिवसभर तिथंच बसायचं तर गादी टाकून देतो!"

रांगेतले हसले. फळीवरचा तरुणही हसला आणि त्याचा पाय हलला, तेव्हा धरलेली घडी सुटली.

मास्तरांच्या मनात उत्तर तयार झालं. घडवावं लागलं नाही, आपोआप आलं, यमकासकट आलं. इतकं नेमकं त्यांना आजवर कधीच सुचलं नव्हतं. सगळी रांग पोट धरून हसली असती आणि दुकानवाल्याला तोंड लपवायला जागा उरली नसती.

तोंडात टाचण्या होत्या.

त्यांनी घडी पुन्हा धरली, ओठांतली एक टाचणी काढून लावली. हातानं खूण केली, तसा तरुण वळला. दुसरी लावली. बरोबर आलं. तरुण खाली उतरला, आडोशाला जाऊन पँट बदलून आला. मास्तर फळीवर हात टेकून हळूहळू उठले आणि पँट घेऊन मशीनवर बसले.

ओठांत अजून दोन टाचण्या उरल्या होत्या. डबी हाताशीच होती. त्यांनी त्या तशाच राहू दिल्या आणि मशीन चालू केली.